यीस्टची साक्ष

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

साल १९२५. केंब्रिजच्या मोल्टेनो इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड कीलिन हे जीवशास्त्रज्ञ पाण्यात कालवलेल्या यीस्टमधून प्रकाश सोडून पलीकडून छोट्या वर्णपटदर्शकातून पाहत होते. रंगांच्या पट्टीत चार काळसर रेघा दिसत होत्या. यीस्ट हवेशी खळखळून हलवलं की रेघा नाहीशा व्हायच्या. नळी जरा वेळ स्वस्थ ठेवली की पेशी पाण्यातला प्राणवायू संपवायच्या आणि रेघा परत उमटायच्या. एका जिवंत पेशीचा श्वास माणसाच्या डोळ्यांना असा दिसत होता. ज्या रंगद्रव्यामुळे हे घडत होतं त्याला कीलिननी सायटोक्रोम म्हटलं. आज शाळेच्या पुस्तकातही हे नाव येतं.

पुढे त्याच केंब्रिजमध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनी वनस्पतींच्या ऊतींतल्या सायटोक्रोम-सी या रेणूवर काम करून १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. बंगळूरला सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. ती गोष्ट महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक असते, त्यांनी नेमका कशावर अभ्यास केला हे मात्र फार थोड्यांना. श्वसनाच्या ज्या साखळीतल्या एका दुव्यामागे त्या लागल्या होत्या, ती साखळी यीस्टमध्येही बरीचशी तशीच चालते जशी माणसात. आजच्या विषयात तिची गाठ पुन्हा पडणार आहे, कारण कार्बनचे अतिसूक्ष्म कण पेशीला त्रास देतात असं जे म्हटलं जातं, त्यातला बराचसा आरोप या श्वसनाच्या यंत्रणेतल्या बिघाडाचाच आहे.

प्रश्न वरकरणी सोपा आहे. फुलरीन, नॅनोट्यूब, ग्राफीन हे कार्बनचे नवे अवतार यीस्टला विषारी आहेत का? गेल्या दोन दशकांतली उत्तरं एकत्र मांडली तर गोंधळ उडतो. कुठे पेशी मरतात, कुठे त्यांना काहीच होत नाही, तर कुठे कार्बनच्या संगतीत सूक्ष्मजीव अधिक जोमाने वाढतात. या व्याख्यानाचं म्हणणं असं, की या मतभेदातला मोठा वाटा यीस्टचाही नाही आणि कार्बनचाही नाही. तो दोघांच्या मध्ये ठेवलेल्या मोजपट्टीचा आहे.

आधी साक्षीदाराची ओळख. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी म्हणजे पाव फुगवणारं, दारू आंबवणारं, साखर कारखान्याच्या मळीपासून अल्कोहोल काढणारं यीस्ट. पेशी साधारण पाच मायक्रॉनची. पोषण चांगलं असेल तर दीड तासात एकाच्या दोन होतात. १९९६ मध्ये या यीस्टचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. केंद्रक असलेल्या सजीवांमध्ये हा मान मिळवणारं ते पहिलं. सोळा गुणसूत्रं, सुमारे सव्वा कोटी अक्षरं, सहा हजारांच्या आसपास जनुकं. पुढे एकेक जनुक काढून टाकलेल्या यीस्टचे जवळपास ५,००० वाण तयार झाले. ते आज प्रयोगशाळा मागवून घेऊ शकतात. एखाद्या पदार्थाने नेमका कुठे घाव घातला हे शोधायचं असेल तर हे सगळे वाण त्या पदार्थात टाकायचे आणि आधी कोण कोसळतं ते पाहायचं. २०१५ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या गटाने यीस्टची ४१४ अत्यावश्यक जनुकं एकेक करून काढली आणि त्यांच्या जागी माणसाची समांतर जनुकं बसवून पाहिली. जवळजवळ निम्म्या बाबतींत यीस्ट माणसाच्या जनुकावर बिनतक्रार जगलं. पाव आणि माणूस यांचं नातं एवढं जवळचं असेल असं फार कोणाला वाटलं नव्हतं.

एका बाबतीत मात्र यीस्ट माणसापासून दूर आहे. त्याच्या पेशीला भिंत असते. ग्लुकान आणि मॅनोप्रथिनांची, आत थोडं कायटिन असलेली ही भिंत शंभर ते दोनशे नॅनोमीटर जाड असते आणि तिची छिद्रं फार बारीक असतात. कार्बनला आत जायचं असेल तर आधी हा तट ओलांडावा लागतो.

आता आरोपी. १९८५ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना साठ कार्बन अणूंचा फुटबॉलच्या आकाराचा रेणू सापडला. तो फुलरीन, सी-६०. १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमांनी कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांचं नीट वर्णन केलं आणि नॅनोट्यूब हा शब्द जगभर गेला. (तशा नळ्यांची छायाचित्रं सोव्हिएत संशोधकांनी १९५२ मध्येच छापली होती, पण ती रशियनमध्ये होती. विज्ञानातला अग्रमान कधीकधी भाषेवरही ठरतो.) २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव यांनी ग्राफाइटचा एका अणूइतका पातळ पदर वेगळा केला. तो ग्राफीन. त्याच वर्षी अमेरिकेत नॅनोट्यूबच्या काजळीची साफसफाई करताना चमकणारे कार्बन डॉट हाती लागले. फुलरीनचं नोबेल १९९६ चं, म्हणजे यीस्टचा जनुकसंच पूर्ण झाला त्याच वर्षीचं.

भारतात आयआयटी मुंबईत पूजेच्या कापरापासून असा कार्बन बनवण्याचं काम झालं. पुढे जपानच्या नागोयातही कापूर हा नॅनोट्यूबचा स्वस्त आणि पुन्हा पुन्हा पिकवता येणारा कच्चा माल म्हणून पुढे आला. कापराची वाफ तापलेल्या भट्टीत जाते आणि लोखंडाच्या बारीक कणांवर नळ्या वाढतात. यातलं लोखंड लक्षात ठेवण्यासारखं आहे. बाजारातल्या बहुतेक नॅनोट्यूबमध्ये लोह, निकेल, कोबाल्ट यांपैकी काहीतरी उरलेलं असतं. ते काढायला नायट्रिक आम्लात उकळलं तर धातू जातो, पण नळ्यांच्या टोकांवर आणि अंगावर ऑक्सिजनचे गट बसतात. म्हणजे धुऊन निघालेला पदार्थ आधीचा राहतच नाही. एखाद्या शोधनिबंधात नॅनोट्यूब विषारी निघाल्या असं वाचलं की पहिला प्रश्न असा हवा: धुतलेल्या की न धुतलेल्या?

या क्षेत्रातली पहिली मोठी घबराट माशांनी माजवली. २००४ मध्ये डॅलसच्या एव्हा ओबरडॉर्स्टर यांनी लार्जमाउथ बास जातीच्या लहान माशांना दशलक्षात अर्धा भाग इतकं फुलरीन असलेल्या पाण्यात ४८ तास ठेवलं. त्यांच्या मेंदूतल्या मेदांची ऑक्सिडेशनमुळे हानी झालेली दिसली. वर्तमानपत्रांत मथळे झळकले. फुलरीन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते आधी टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात विरघळवून, मग पाण्यात घालून, शेवटी द्रावक उडवून देण्याची त्या काळची रीत होती. २००७ मध्ये टेनेसीच्या संशोधकांनी झेब्राफिशच्या पिल्लांवर दोन प्रकारचं फुलरीन वापरून पाहिलं. द्रावकाच्या वाटेने आलेलं फुलरीन पिल्लांना मारत होतं. नुसतं पाण्यात दीर्घकाळ ढवळून बनवलेलं मारत नव्हतं. द्रावकाच्या विघटनातून उरलेले पदार्थ माशांना भोवत होते. यीस्टवर फुलरीनचा परिणाम पाहणाऱ्यांनीही हा धडा लक्षात ठेवायला हवा.

दुसरा दणका २००६ मध्ये कार्ल्सरूहेहून आला. पेशी जिवंत आहे का हे तपासायला जगभर एमटीटी नावाची चाचणी वापरतात. जिवंत पेशी तीत घातलेल्या पिवळ्या क्षाराचे जांभळे स्फटिक करते. जितका जांभळा रंग, तितका जीव. नॅनोट्यूब घातलेल्या फुप्फुसपेशींमध्ये एका दिवसात निम्म्याच्या आसपास जीव गेल्यासारखा दिसत होता. त्याच पेशींची दुसरी चाचणी केली तेव्हा सगळं आलबेल निघालं. झालं होतं असं, की जांभळे स्फटिक नळ्यांना चिकटून बसत होते आणि रंग मोजणाऱ्या यंत्रापर्यंत पोचतच नव्हते. पेशी धडधाकट होत्या, पुरावाच गायब केला जात होता. या निबंधाच्या शीर्षकात संशोधकांनी सरळ म्हटलं की नॅनोट्यूब शास्त्रज्ञांना चकवतात. विज्ञानाच्या नियतकालिकांत एवढा विनोद क्वचितच खपतो.

यीस्टच्या प्रयोगशाळेत हा चकवा पावलोपावली आहे. यीस्टची वाढ मोजण्याची रोजची पद्धत म्हणजे द्रवाचा गढूळपणा बघणं. ६०० नॅनोमीटरचा प्रकाश द्रवातून सोडायचा, किती अडला ते पाहायचं. पेशी वाढल्या की गढूळपणा वाढतो. आता या द्रवात कार्बन घाला. तो स्वतःच काळा. पहिल्या क्षणालाच यंत्र सांगतं की पेशी भरपूर आहेत. पुढच्या काही तासांत कार्बनचे गोळे होऊन तळाला बसतात आणि जाताना काही पेशींना सोबत घेऊन जातात. वर स्वच्छ झालेला द्रव पाहून यंत्र म्हणतं, पेशी मेल्या. खरं तर त्या तळाशी बसून साखर खात असतात.

गढूळपणावर भरवसा नसेल तर थाळीवर वसाहती मोजाव्यात, असं जुने लोक सांगतात. सल्ला चांगला आहे, पण अपुरा. ग्राफीन ऑक्साइडचा, म्हणजे ऑक्सिजनचे गट बसलेल्या ग्राफीनचा, पदर पेशींना शालीसारखा लपेटतो. अशा पदरात अडकलेल्या वीस पेशी थाळीवर पडल्या तर वसाहत एकच उगवते, आणि एकोणीस पेशी कागदावर मृत नोंदल्या जातात. मग उरतो मिथिलीन ब्लू. दारू गाळणारे आणि डिस्टिलरीवाले पिढ्यान्‌पिढ्या हा निळा रंग वापरत आले आहेत. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंगाचा रंगहीन पदार्थ करून टाकते. गंमत अशी, की सांडपाण्यातला मिथिलीन ब्लू शोषून घेण्यासाठी ज्या पदार्थांचं कौतुक होतं त्यांत ग्राफीन ऑक्साइड अग्रभागी आहे. म्हणजे जो रंग साक्ष देणार, तोच आरोपीच्या खिशात. पेशींना तो पुरेसा मिळेल याची खात्री कोण देणार?

यावरून कोणी असं समजू नये की सगळं विष भ्रमच आहे. चीनमधल्या एका गटाने २०१६ मध्ये ऑक्सिडीकृत बहुभिंती (एकात एक नळ्या बसलेल्या) नॅनोट्यूबवर आणि २०१७ मध्ये ग्राफीन ऑक्साइडवर यीस्टचे सविस्तर प्रयोग प्रसिद्ध केले. मात्रा शून्यापासून लिटरला ६०० मिलिग्रॅमपर्यंत, अवधी एक दिवसाचा. जास्त मात्रेत वाढ मंदावली, पेशींमध्ये ऑक्सिजनची आक्रमक रूपं वाढली आणि पेशी स्वतःला संपवू लागल्याची चिन्हं दिसली. नळ्या पेशीच्या आत शिरल्याचंही त्यांनी नोंदवलं. भिंत असून नळ्या आत कशा गेल्या, यावर तज्ज्ञांत खल चालू राहणारच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पेशीचे पातळ काप करताना हिऱ्याची सुरी बाहेरची नळी आत ओढू शकते, हेही या कामात मुरलेल्यांना माहीत असतं. पण एका यंत्रावर अवलंबून न राहता वाढ, श्वसन, ऑक्सिडेशनचा ताण आणि जनुकांचा प्रतिसाद असे चार-पाच वेगवेगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले की विश्वास ठेवावा लागतो.

मात्रेकडेही पाहायला हवं. एस्टोनियाच्या तालिन शहरातल्या संशोधकांनी २००९ मध्ये धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण यीस्टवर तपासले. तांब्याच्या ऑक्साइडचे नॅनोकण त्याच पदार्थाच्या जाड पुडीपेक्षा सुमारे ६० पट विषारी ठरले. टायटॅनियम डायऑक्साइडने लिटरला २०,००० मिलिग्रॅम इतक्या प्रचंड मात्रेतही यीस्टचं काही बिघडवलं नाही. तांब्याचं विष समजायला सोपं आहे, कारण कणातून तांब्याचे आयन सुटतात आणि ते पेशीत जातात. शुद्ध कार्बनमधून सुटणारं असं काही नाही. त्याला जे करायचं ते अंगाला भिडूनच करावं लागतं: पटलावर दाब देऊन, इलेक्ट्रॉन पळवून, किंवा सभोवतालची पोषकद्रव्यं स्वतःला चिकटवून पेशीला उपाशी ठेवून. या शेवटच्या मार्गाला विष म्हणायचं की चोरी, हे ठरवणं अवघड आहे.

पाण्याचा प्रश्न तर याहून किचकट. २०१० मध्ये ग्राफीनचा कागद जिवाणू मारतो अशी बातमी आली. लगेच २०११ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की ग्राफीन ऑक्साइडच्या संगतीत जिवाणू अधिक वेगाने आणि दाट वाढतात. दोघंही प्रामाणिक होते. कोडं २०१४ मध्ये उलगडलं. नुसत्या मिठाच्या पाण्यात ग्राफीन ऑक्साइडची सपाट बाजू उघडी असते आणि ती जिवाणूंना मारते. पोषक द्रवात प्रथिनं आणि अमिनो आम्लं ती बाजू झाकून टाकतात आणि तिची धार जाते. हे प्रयोग जिवाणूंवरचे असले तरी यीस्टच्या द्रवाला तोच न्याय लागू होतो. यीस्ट अर्क, पेप्टोन आणि ग्लुकोज यांचा नेहमीचा द्रव प्रथिनांनी भरलेला असतो. त्यात विष बोथट झालं म्हणून निर्धास्त व्हायचं, की मिठाच्या पाण्यात पेशी मेल्या म्हणून घाबरायचं? निसर्गातलं यीस्ट द्राक्षाच्या सालीवर, झाडाच्या रसात, मातीत राहतं. तिथलं पाणी या दोन्ही टोकांसारखं नसतं.

आणि मग काही जणांनी कार्बनलाच यीस्टचं वस्त्र केलं. रशियातल्या कझानच्या संशोधकांनी २०१० मध्ये विद्युतभारित बहुवारिकांच्या थरांच्या मदतीने जिवंत यीस्टवर बहुभिंती नॅनोट्यूबचा लेप चढवला. पेशी जगल्या. कॅनडाच्या वॉटर्लूमध्ये २०११ मध्ये ग्राफीनच्या पटलात यीस्ट गुंडाळून त्याला संरक्षण आणि वीजवाहकता अशा दोन्ही गोष्टी देण्याचा प्रयत्न झाला. २०१६ मध्ये इटलीच्या पेरुजा आणि त्रेंतो इथल्या गटांनी बेकरीच्या यीस्टच्या किण्वनातच नॅनोट्यूब आणि ग्राफीन मिसळून एक संमिश्र पदार्थ घडवला. आंबवण्याच्या क्रियेने पसरवलेला आणि बांधलेला कार्बन, अशी ती कल्पना. विषाचा साक्षीदार इथे कारागीर झाला. त्यामुळे नॅनोट्यूब यीस्टला मारतात या सरसकट विधानाचं काय करायचं, हे ज्याने त्याने ठरवावं.

कार्बन डॉटची कथा तर थेट स्वयंपाकघरात येते. आयआयटी गुवाहाटीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये पाव, गूळ, साखरेचं कॅरमल, कॉर्नफ्लेक्स आणि बिस्किटं तपासली. साखर तापून तपकिरी होते अशा या पदार्थांत त्यांना कार्बनचे नॅनोमीटर आकाराचे, अतिनील प्रकाशात चमकणारे कण सापडले. याचा अर्थ गुळात नॅनोट्यूब असतात असा नाही. हे कण निराळे, अस्फटिकी असतात. पण माणूस चुलीवर साखर तापवू लागला तेव्हापासून कार्बनचे काही अतिसूक्ष्म कण त्याच्या पोटात जात आले आहेत. नॅनो हा शब्द ऐकून दचकणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही. हेच सांगून उद्योजक सगळ्याच कार्बनला निर्दोष ठरवू लागले तर मात्र त्यांना थांबवायला हवं.

कारण यीस्टला न कळणारं एक मोठं प्रकरण आहे. २००८ मध्ये एडिंबराच्या संशोधकांनी उंदरांच्या पोटाच्या पोकळीत लांब, ताठ बहुभिंती नॅनोट्यूब सोडल्या. अॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होते तशी दाह आणि गाठींची प्रतिक्रिया तिथे उमटली. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसं केलं नाही. इथे दोष रसायनाचा नव्हता, लांबीचा होता. शरीरातली सफाई करणारी भक्षक पेशी तंतू गिळू पाहते, तो तिच्यापेक्षा लांब असतो, अर्धवट गिळलेल्या अवस्थेत ती दाहक द्रव्यं ओतत राहते. यीस्टला भक्षक पेशी नाहीत, फुप्फुस नाही, फुप्फुसाचं आवरणही नाही. त्यामुळे एखादी नळी यीस्टच्या सगळ्या परीक्षांत उत्तीर्ण होऊन फुप्फुसात नापास होऊ शकते. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एमडब्ल्यूसीएनटी-७ या एका विशिष्ट प्रकाराला माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या २-बी गटात टाकलं. बाकीच्या नॅनोट्यूबबद्दल पुरावा अपुरा म्हणून वर्गीकरण करता येत नाही असं ठरवलं. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने कामाच्या ठिकाणी हवेतल्या नॅनोट्यूबसाठी घनमीटरला एक मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली. प्रयोगशाळेतल्या यीस्टला जे मिलिग्रॅममध्ये पाजलं जातं ते कामगाराच्या श्वासासाठी मायक्रोग्रॅममध्ये मोजलं जातं.

मग यीस्टची साक्ष कशासाठी? ती स्वस्त आहे, लवकर मिळते आणि जनुकांच्या पातळीवर बोलते. स्पेनमधल्या बुर्गोसच्या विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०२० मध्ये बाजारात विकत मिळणारे ग्राफीनचे पदार्थ यीस्टवर घातले आणि सगळ्या जनुकांचा प्रतिसाद एकदम वाचला. ग्राफीनच्या सूक्ष्म चकत्या लिटरला १६० आणि ८०० मिलिग्रॅम अशा दोन मात्रांत वापरल्या होत्या. दुसऱ्या कामात ग्राफीन ऑक्साइडचे दोन व्यापारी प्रकार समोरासमोर ठेवले. दोन्ही बाटल्यांवर नाव जवळजवळ एकच, पण यीस्टने दिलेली उत्तरं काही बाबतींत सारखी आणि काही बाबतींत साफ वेगळी. गढूळपणा किंवा रंग मोजून हा फरक कधीच हाती लागला नसता. जनुकांच्या नोंदीला काळ्या रंगाचा अडथळा येत नाही. पेशी धुऊन, कार्बन वेगळा करून, तिच्या आतला आरएनए वाचता येतो.

भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या आणि २०२० मध्ये नॅनो खतं, कीटकनाशकं, अन्नपदार्थ यांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. शेतात घातलेला पदार्थ शेवटी मातीतल्या बुरशी-यीस्टपर्यंत पोचतो, तेव्हा ही तपासणी इथेही व्हायची आहे. ती करणाऱ्या विद्यार्थ्याने पदार्थाच्या नावाबरोबर नळीची लांबी, उरलेला धातू, वापरलेलं द्रावक आणि प्रयोगातलं पाणी लिहावं. कार्बन नसलेली आणि पेशी नसलेली अशा दोन्ही कोऱ्या बाटल्या शेजारी ठेवाव्यात. पेशी नसलेल्या बाटलीत मिथिलीन ब्लू किती उरला, हा आकडा बहुतेक निबंधांत सापडत नाही. तो तक्त्याच्या पहिल्या ओळीत छापायला हवा.